माळ्याचं वाक्य

गेल्या शनिवारी निपाणीच्या स्टँडवर उतरले आणि पिशवी खांद्याला लावायच्या आधीच शिंक आली. एक नाही, लागोपाठ तीन. शेजारून जाणारी एक म्हातारी न थांबता म्हणाली, "बाहेरगावची दिसतीस बाई." माझा जन्म इथला, शाळा इथली. पण बेळगावात अनगोळला राहायला जाऊन आता सतरा वर्षं झाली. नाक तेवढं बेळगावकर झालं असेल तर त्याला काय करायचं.

हा वास वर्षातून एकदाच येतो. शेतात कापलेली तंबाखू उन्हात वाळून वखारीत आली, की जानेवारीभर तो गावावर पसरून असतो. आधी गोडसर लागतो, ओल्या गुळासारखा, आणि घशात उतरता उतरता तिखट होतो. उसाच्या ट्रॉल्या गेल्या की त्यात हिरवा रस मिसळतो, संध्याकाळी कुठल्या तरी शिवारातून हुरड्याचा धूर येतो. आई लग्नाआधीपासून वखारीत कामाला जायची. घरी आली की तिच्या पदराला हा वास असायचा, धुतला तरी न जाणारा, आणि मला लहानपणी तो आईचाच वास वाटायचा. गेली चार वर्षं मात्र हा वास आला की आधी आमच्या घराचा पुढचा सोपा, म्हणजे ओसरी, आठवतो. सोप्यात खुर्चीवर बसलेले आप्पा आठवतात. त्यांचे दोन म्हातारे दोस्त आठवतात, आणि एका रहस्यकथेतला माळी.

आप्पा म्हणजे माझे वडील. सगळं गाव त्यांना कांबळे कंडक्टर म्हणून ओळखतं. निपाणी ते बेळगाव आणि बेळगाव ते निपाणी, एवढ्याच रस्त्यावर त्यांची नोकरी गेली. त्यांच्या गाडीवर ड्रायव्हर होते बसू अण्णा, चिकोडीजवळच्या खेड्यातले. अण्णांच्या घरात कन्नड, बसमध्ये मराठी, आणि गाडी घाटात बंद पडली की दोन्हींची मिसळ. एकदा एक उतारू सीटवर पुस्तक विसरून गेला. मुखपृष्ठावर सुरा, त्यातून ठिबकणारं रक्त, आणि मागं एका बंगल्याची पेटलेली खिडकी. आप्पांनी ते डेपोत जमा केलं, पण दुसऱ्या दिवशी, आणि वाचून. तिथून त्यांना हा नाद लागला. बसू अण्णांना मराठी वाचायला जड जायचं, म्हणून बेळगावच्या स्टँडवर परतीची फेरी लागेपर्यंत आप्पा त्यांना गोष्ट सांगायचे. गाडी चालू असताना मात्र अवाक्षर काढायचे नाहीत. खून जवळ आला की अण्णांचा पाय ब्रेकवर जातो, असं त्यांचं म्हणणं होतं.

तिसऱ्या शिंत्रे बाई. संकेश्वरच्या एका शाळेत मराठी शिकवायच्या आणि रोज निपाणीहून याच गाडीनं जायच्या. एका सकाळी आप्पांच्या खिशातून डोकावणारं पुस्तक बघून त्यांनी विचारलं, "कांबळे, ह्यातला इन्स्पेक्टर तुमच्या डोळ्यांपुढं कसा येतो हो?"

आप्पांनी तिकिटं फाडता फाडता गाडीभर नजर फिरवली. "तिसऱ्या सीटवर फेटेवाले बसलेत बगा. तसा."

"छे. इन्स्पेक्टरला एवढ्या मिशा कशा असतील?"

झालं. पुढची वीस वर्षं हेच चाललं. कुठलीही रहस्यकथा वाचून झाली की तिघं मिळून तिचा पिक्चर काढायचे, नुसता बोलण्यातच. पडद्यावरचे नट त्यांना चालायचे नाहीत. नियम एकच होता: ज्यानं आपल्या गाडीचं तिकीट काढलंय, त्यालाच काम मिळणार. त्यामुळं आमच्या घरी जेवताना अशी माहिती कळायची, की काकतीला चढणारा दूधवाला आज विष घालणारा पुतण्या झाला, किंवा हत्तरगीची ती जाड काचांच्या चष्म्याची बाई आता श्रीमंत विधवा म्हणून पक्की. त्या बिचाऱ्यांना याचा पत्ताही नसायचा. एकदा मी आणि आई आप्पांच्या गाडीनं बेळगावला चाललो होतो. मागच्या सीटवर एक शांत गृहस्थ शेंगा सोलत बसले होते. त्यांच्याकडं बघून मी आईला चिकटले. आदल्या आठवड्यात त्यांनी तीन खून केले होते.

या सगळ्यांत तिघांचं लाडकं पुस्तक म्हणजे 'तिसऱ्या चावीचा मालक'. थंड हवेच्या गावातला बंगला, कुलूपबंद खोलीत मेलेला मालक, आणि पायऱ्या करकरवत जिना चढणारा धिप्पाड इन्स्पेक्टर. त्या इन्स्पेक्टरच्या कामाला लायक माणूस त्यांना वीस वर्षांत मिळाला नाही. एकजण उंच होता तर त्याचा आवाज किनरा निघाला. दुसरा सगळ्या बाजूंनी योग्य होता, पण त्याची बदली होसपेटला झाली. आधी बाई रिटायर झाल्या, मग अण्णा, मग आप्पा. आणि बसमधला हा कारभार आमच्या सोप्यात आला. दर गुरुवारी दुपारी अण्णा चिकोडीहून येणार, बाई दोन गल्ल्या ओलांडून येणार, आई चहा ठेवणार, आणि इन्स्पेक्टरचं घोडं तिथंच अडणार.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात आप्पांना अर्धांगाचा झटका आला. सकाळी दाढी करता करता आरशापुढंच खाली बसले. बेळगावला दवाखान्यात नेलं, जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत टाकता येऊ लागला. पण बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं समजतंय. शब्द आत आहेत, बाहेर येण्याची वाट तुटलीय."

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. कॉलेजातून रजा घेतली आणि निपाणीला येऊन राहिले. नवरा आणि मुलगी रविवारी येऊन जायची. आप्पा खुर्चीवर बसून असायचे. पाणी हवं असलं की तांब्याकडं बघायचे. मी 'पाणी हवंय का, चहा हवाय का, उशी देऊ का' असं विचारत सुटायचे आणि ते डोळे मिटून घ्यायचे. बाहेर तंबाखूचा वास दाटला होता, ट्रॉल्या जात होत्या, समोरच्या घरात कुणी तीळ भाजत होतं. आमच्या घरात मात्र हंगाम आलाच नव्हता.

एका दुपारी मी मोठ्यानं गोळ्या मोजत होते. एक, दोन, तीन. खुर्चीतून खणखणीत आवाज आला, "निपाणी, तवंदी, कणगले, संकेश्वर!" मी वळून बघितलं. आप्पाच बोलले होते, गाडीत थांबे पुकारायचे तसे. मी धावत गेले, म्हटलं, "आप्पा, काय म्हणालात? परत म्हणा की." त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलवले, आणि काही म्हणजे काही येईना. मग ते रडले. माझ्या समोर ते पहिल्यांदाच रडले.

बेळगावात वाचा सुधारण्याचे उपचार करणारी एक मुलगी होती, खानापूरकडची. तिच्याकडं आठवड्यातून एकदा जायचो. तिनं समजावून सांगितलं, की जन्मभर पाठ झालेलं आपोआप येतं, गाण्यासारखं. स्वतःला जे म्हणायचंय ते म्हणणं हा वेगळा रस्ता आहे, तो नव्यानं बांधावा लागेल. "आणि एक करा," ती मला म्हणाली, "त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. कितीही वेळ लागू दे. तुम्ही शब्द पुढं केलात की त्यांचा शब्द मागं जातो."

हे ऐकायला सोपं होतं. शिकवणारं माणूस वर्गात तीन सेकंद शांतता सहन करत नाही. मी तर घरात एक सेकंद करत नव्हते.

अण्णा आणि बाई पहिल्या गुरुवारी आले तेव्हा फार वाईट गेलं. बाई उगीच तब्येतीचं बोलत राहिल्या. अण्णा टोपी मांडीवर ठेवून टोपीकडंच बघत बसले. आप्पांनी मान भिंतीकडं फिरवली. जाताना अण्णा दारात मला म्हणाले, "मला बगून त्याला लाज वाटायल्या, सुजा. मी येऊ नको काय?" मी म्हटलं, "या अण्णा. येत जावा."

पुढच्या गुरुवारी ते आले आणि आप्पांशी एक शब्दही बोलले नाहीत. खुर्ची बाईंच्या समोर ओढली आणि म्हणाले, "बाई, मी लई विचार केला. चावीच्या पिक्चरमधे इन्स्पेक्टर म्हणून आपला कोपऱ्यावरचा टेलर घेऊया."

कोपऱ्यावरचा टेलर म्हणजे मापाच्या पट्टीएवढाच रुंद. बाई चपापल्या. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं असावं. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "व्हय की. बरा दिसेल."

"चेहरा तर लई हुशार आहे त्याचा."

"आणि आवाज पण."

मी आत आईजवळ उभी होते. सोप्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आप्पा डाव्या हातानं खुर्चीचा दांडा धरून पुढं झुकले होते. चेहरा लाल झाला होता, गळ्याच्या शिरा ताठ. मी पुढं व्हायला लागले तर आईनं माझं मनगट धरलं.

"लु," आप्पा म्हणाले. "लु... लुकडा."

अण्णांनी त्यांच्याकडं अजूनही बघितलं नाही. बाईंनाच म्हणाले, "हौदु, खरंय. लुकडा तर आहेच. पण दुसरा कोण मिळतोय?"

"लुकडा," आप्पा परत म्हणाले, यावेळी सलग. आणि हात झटकला, म्हणजे हा विषय संपला.

अण्णा गेटाबाहेर जाऊन बराच वेळ उभे होते. मी चप्पल न घालताच मागं गेले. ते डोळे पुसत होते. "मुद्दाम चुकीचा माणूस काढला हुता मी," ते म्हणाले. "वीस वर्षांत चुकीचा माणूस सांगितल्यावर तो कधी गप बसलाय?"

त्यानंतर गुरुवारचे सोमवार-गुरुवार झाले, आणि मग जवळजवळ रोजच. दोघं येताना घरून अयोग्य माणसांची यादी करूनच यायचे. बाईंनी इन्स्पेक्टर म्हणून भाजीवाला आणला, पोस्टमन आणला, गल्लीतला शहाण्णव वर्षांचा पैलवान आणला. आप्पांचा एकेक शब्द बाहेर यायला लागला. "बुटका." "म्हातारा." "मिशा." एकदा "ठार वेडा" असं ते म्हणाले, पण ते भाजीवाल्याबद्दल की अण्णांबद्दल हे शेवटपर्यंत कळलं नाही. नवल म्हणजे पाणी, चहा, औषध हे शब्द यायला त्यानंतर महिना लागला. मी बरेच दिवस यावर विचार करत होते. मला वाटतं, पाण्यासाठी नुसतं तांब्याकडं बघितलं तरी भागत होतं. इन्स्पेक्टरसाठी भांडावंच लागत होतं, आणि भांडायचं तर शब्दच लागतो.

त्या महिन्याच्या दुपारी मला अजून जशाच्या तशा दिसतात. सोप्यात तिरकं ऊन यायचं, त्यात तंबाखूची बारीक सोनेरी धूळ तरंगायची. अण्णा शिंकायचे, मी शिंकायचे. आई, आप्पा आणि बाई शिंकायचे नाहीत, ते इथलेच. आई भडंगाची परात मधे ठेवायची आणि उंबऱ्याला टेकून बसायची. तिनं एकही रहस्यकथा वाचलेली नाही, पण सगळ्यांचे शेवट तिला माहीत होते.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला शिंत्रे बाईंनी एक गोष्ट काढली. त्यांच्या गल्लीत एक छोटं वाचनालय आहे, वर एक हॉल आहे. तिथं रविवारी दुपारी 'तिसऱ्या चावीचा मालक'मधला शेवटचा प्रवेश आपण वाचून दाखवायचा. पोशाख नाही, पडदा नाही, नुसत्या खुर्च्या मांडून. "पिक्चर कुणी काढणार नाही आपला," त्या म्हणाल्या. "निदान आवाज तरी काढूया." इन्स्पेक्टर त्या स्वतः होणार होत्या. वीस वर्षं पुरुष सापडला नाही तर बाईमाणूस का नको, असं त्यांनी विचारलं. अण्णा मेलेल्याचा भाऊ होणार. त्यांना वाचायला नको म्हणून ते सगळं पाठ करणार. मी मधला मजकूर वाचायचा.

मग त्यांनी पुस्तक आप्पांपुढं धरलं. "आणि कांबळे, तुम्ही?"

मला राग आला. मी बाईंना आत बोलावलं. म्हटलं, "बाई, लोक गोष्ट ऐकायला येणार नाहीत. आप्पांना बघायला येतील. ते अडकले तर? सगळ्यांसमोर रडले तर?"

बाई म्हणाल्या, "तुझं बरोबर असेल गं. पण हे तू ठरवायचं नाहीस, आणि मी पण नाही."

बाहेर आलो तर आप्पांनी डाव्या हाताचं बोट पानावर ठेवलं होतं. दगडू माळी. त्या गोष्टीत खून झाल्याझाल्या सगळ्यांचा संशय म्हाताऱ्या दगडू माळ्यावर जातो, कारण त्याच्याकडं बागेच्या दाराची चावी असते आणि त्याला नीट बोलता येत नाही. शेवटच्या प्रवेशात इन्स्पेक्टर त्याला सगळ्यांसमोर उभा करतो, आणि माळी एकच वाक्य बोलतो: "मी खून केला न्हाय." मग खरा खुनी पकडला जातो. माळ्याचं काम एवढंच.

रात्रीच्या भाकरी करायला बसताना आईनं मला सांगितलं, जे मला तोवर माहीत नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी संकेश्वरला एका बाईची पिशवी हरवली होती. कुणी चोर म्हणालं नाही, पण कंडक्टर कुणाचा कोण, कुठल्या वस्तीतला, हे दोघातिघांनी मोठ्यानं विचारलं, आणि सगळी गाडी आप्पांकडं बघत राहिली. पिशवी पुढच्या सीटखाली सापडली. ती बाई 'सापडली की' म्हणाली आणि उतरून गेली. "त्या दिवशी आल्यावर जेवले न्हाईत," आई म्हणाली. "म्हणाले, मी तोंड उघडायच्या आधीच सगळं ठरलंतं."

मी परत विरोध केला नाही.

सरावाला सुरुवात झाली. आप्पा सकाळी गच्चीवर उन्हात उभे राहून म्हणायचे. मी. खून. केला. हे तीन शब्द दहा दिवसांत आले. चौथा येईना. एकटा यायचा; चहा नको असला की 'न्हाय' ते झटकन म्हणायचे. पण वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत तो निसटायचा. बाईंनी सुचवलं, वाक्य बदलूया, नुसतं 'मी निर्दोष आहे' म्हणा. अण्णा हसायला लागले. "माळी निर्दोष म्हंतोय व्हय कधी?" आप्पाही हसले, अर्ध्या तोंडानं, आणि पुस्तकातल्या ओळीवर बोट आपटलं. हेच.

मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, आपल्या भाषेत नकार शेवटाला येतो. सगळं सांगून झाल्यावर. जो त्याच्याआधी अडकला त्याच्या पदरात उरतो तो कबुलीजबाब. गच्चीवर फेऱ्या मारणारे आप्पा रोज सकाळी वीसदा कबूल करत होते, मी खून केला, मी खून केला. आणि खाली गल्लीतून दूध घेऊन जाणारी माणसं वर बघत जात होती.

रविवारी त्या वाचनालयाचा बारा पायऱ्यांचा जिना आप्पा अण्णांच्या खांद्याला धरून चढले. चाळीसेक माणसं होती. अर्ध्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. पहिल्या रांगेत आमच्या गल्लीतल्या बायका, मागं बसडेपोतले काही जुने कंडक्टर. बाईंनी चष्मा पुसला आणि इन्स्पेक्टर झाल्या. आवाज असा लावला, की मागच्या रांगेतला कुजबुजणारा माणूस सावरून बसला. अण्णांचं पाठांतर एकदा चुकलं, तेव्हा त्यांनी दोन वाक्यं कन्नडमध्ये ठोकली आणि कुणालाच काही खटकलं नाही.

मग बाई आप्पांकडं वळल्या. "दगडू, सगळ्यांसमोर सांग. त्या संध्याकाळी बंगल्यात काय झालं?"

आप्पा उभे राहिले. बसूनच म्हणायचं ठरलं होतं. डाव्या हातानं त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"मी," ते म्हणाले. थांबले. "खून." परत थांबले. "केला."

आणि पुढं काही नाही.

पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "ह्यानंच की गं." कुणीतरी 'आईशप्पथ' म्हणालं. मी शिंत्रे बाईंकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडलं होतं, शब्द ओठांवर आला होता. त्यांना नुसतं 'म्हणजे तू खून केला नाहीस' असं म्हणायचं होतं आणि सगळं निभावलं असतं. चाळीस वर्षं मुलांची वाक्यं पुरी करणाऱ्या बाईंनी ओठ घट्ट मिटले. अण्णा जमिनीकडं बघत होते. आप्पा कुणाकडंही बघत नव्हते. त्यांच्या गळ्यातली शीर वर-खाली होत होती, जसं कुणी अवजड दार आतून ढकलतंय. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मला वाटतं, तेवढ्या वेळात संकेश्वर मागं पडलं असतं.

"न्हाय," आप्पा म्हणाले.

ते पुन्हा म्हणाले, आता लोकांकडं बघत, एकेका रांगेकडं सावकाश नजर फिरवत, "न्हाय केला. मी न्हाय केला."

पहिल्या टाळ्या मागून आल्या, जुन्या कंडक्टरांकडून. मग सगळा हॉल. खरा खुनी कोण ते सांगायचं बाकी होतं, पण ते ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. बाईंनी घाईघाईनं दोन पानं वाचून त्याला अटक केली. घरी जाताना गल्लीतल्या बायका म्हणत होत्या, काय गोष्ट होती, काळजाचा ठोका चुकला. आईनं वाटेत आप्पांचा हात धरला. ती तसं कधी रस्त्यावर करत नाही.

मार्चमध्ये परीक्षा आल्या आणि मी अनगोळला परत गेले. वर्गात गेल्यावर एका मुलीला प्रश्न विचारला. ती उठून उभी राहिली आणि गप्प झाली. मी खडू टेबलावर ठेवला आणि थांबले. वर्ग चुळबुळला. मी थांबलेच. उत्तर चुकीचं आलं, पण तिचं आलं. त्या वर्षापासून माझा अभ्यासक्रम कधीच वेळेत पुरा होत नाही.

हे सगळं त्या एका हंगामात झालं. त्यानंतर चारदा तंबाखू वखारीत आली. आप्पा सगळं बोलायला लागले असं नाही. त्यांचा उजवा हात परत आला नाही. काही दिवस सबंध कोरडे जातात, शब्दाला शब्द लागत नाही आणि ते चिडून ताट सरकवतात. पण तीन-चार शब्दांची वाक्यं येतात. शिंत्रे बाईंच्या डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून अण्णांनी त्यांच्याकडूनच मराठी वाचायला शिकून घेतलंय. बाई डोळे मिटून ऐकतात, अण्णा अडखळत वाचतात, आणि जोडाक्षर आलं की दोघं थांबतात. गेल्या शनिवारी मी गेले तेव्हा ते नवं पुस्तक वाचत होते, 'पाहुणीची खोली'. माझ्यासाठी बाईंनी त्याची दुसरी प्रत मिळवून ठेवली होती. सोमवारी ती घेऊनच मी परत आले.

परवा कॉलेजात मधल्या सुट्टीत खिडकीशी बसून तेच वाचत होते. फोन वाजला. आप्पांचं नाव दिसलं. त्यांच्या फोनवरून आईच बोलते. समोर चेहरा नसताना, हातवारे दिसत नसताना, नुसत्या आवाजावर बोलणं त्यांना अजून जमलेलं नव्हतं. चार वर्षांत त्यांनी एकदाही फोन कानाला लावला नव्हता.

"हां आई," मी म्हटलं.

पलीकडं श्वास ऐकू आला. मी पुस्तक मिटलं. खिडकीबाहेर पोरं ओरडत होती, मी दुसऱ्या कानावर हात ठेवला. काही विचारलं नाही. आई बरी आहे ना, हेसुद्धा नाही.

"सुजा," आप्पा म्हणाले.

मी थांबले. मागून अण्णांचं 'सांगू नको रं, सांगू नको' ऐकू येत होतं, आणि बाईंचं हसणं.

"भाची," आप्पा म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, एकेक शब्द जागेवर ठेवत, "भाचीच हाय ती."

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

तीनशे पानांचं पुस्तक होतं, आणि खुनी कोण ते मला एकसष्टाव्या पानावरच कळलं होतं. डोळे पुसले आणि पान काढलं. भाची नुकतीच दारातून आत येत होती, हातात चहाचा ट्रे घेऊन, सगळ्यांकडं बघून गोड हसत.